बांबू उघडला की पाय आत

आधी नुसता आवाज ऐका. टक, खट-खट. टक, खट-खट. एकदा दोन्ही बांबू एकमेकांवर आणि मग दोनदा खालच्या लाकडी ठोकळ्यावर, तीन मात्रांचं आवर्तन आहे, म्हणजे आपल्या दादऱ्याचा अर्धा समजा. बांबू उघडले की पाय आत, मिटायच्या आत पाय बाहेर. चुकलं तर घोट्यावर बसतो, आणि पाय अनवाणी असतात.

हे टिनिकलिंग. फिलिपिन्सच्या लेते बेटावरचा नाच. मी तो पहिल्यांदा बघितला दुबईत, आम्ही राहायचो त्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, तिथल्या फिलिपिनो मुलामुलींची कसली तरी पार्टी होती आणि बांबू काही मिळाला नव्हता म्हणून त्यांनी प्लंबिंगचे दोन लांब पीव्हीसी पाईप आणले होते. पाईपचा आवाज बांबूसारखा येत नाही, जरा पोकळ, कोरडा येतो. पण पाईप धरून खाली बसलेल्या दोघांचे चेहरे मला अजून आठवतात, मान खाली, नजर फक्त समोरच्याच्या हातावर, आणि तोंडानं मोजणं चालू. नाचणाऱ्यांना टाळ्या पडत होत्या पण सगळ्यांचे घोटे होते या दोघांच्या हातात.

तेव्हापासून मी टिनिकलिंग बघताना आधी बांबू धरणाऱ्यांकडेच बघतो. लय तेच वाढवतात, शेवटी शेवटी तर इतकी वाढते की पाय दिसतच नाहीत.

आता हा नाच आला कुठून, तर भातशेतीतून. टिकलिंग नावाचा एक पक्षी आहे, लांब पायांचा, आपल्या पाणकोंबडीच्या कुळातला. तो भातात शिरतो, शेतकरी वैतागून बांबूचे सापळे लावतात, आणि हा त्या सापळ्यांमधून एकेक पाय अलगद उचलत निसटून जातो. ज्यानं कधी पिकाची राखण केलीय त्याला इथं थांबून विचार करावासा वाटेल, की ज्या पाखरानं आपलं भात खाल्लं त्याचीच चाल उचलून या लोकांनी नाच बसवला. आपल्या देशात मिझोरामचा चेराव आहे, तोही बांबूंवरचाच. कोणी कोणाकडून घेतलं या वादात मला पडायचं नाही, जिथं बांबूची बनं आहेत तिथं हे माणसाला सुचणारच असं माझं मत आहे.

पण लेतेच्या शेतातला नाच मनिलाच्या शाळेत आणि तिथून दुबईच्या पार्किंगपर्यंत आला कसा? इथं एक नाव घ्यायलाच पाहिजे, फ्रान्सिस्का रेयेस आकिनो. जन्म १८९९चा, बुलाकान प्रांतातल्या बोकाऊ गावचा. पेशानं शिक्षिका, विषय शारीरिक शिक्षण, पीटी म्हणतो ना आपण तोच. १९२०च्या दशकात, अमेरिकेचं राज्य असताना, ही बाई गावोगाव फिरली, म्हाताऱ्या माणसांसमोर बसली आणि पाऊल कुठं पडतं, हात कुठं जातो, कपडे कुठले, गाणं कुठलं हे सगळं लिहून घेत गेली. १९२६ साली फिलिपिन्स विद्यापीठात तिनं यावरच प्रबंध दिला. नंतर ती शिक्षण खात्यात मोठ्या पदावर गेली आणि हे नाच शाळेच्या पीटीच्या तासात आले. म्हणून तिथल्या कुठल्याही माणसाला विचारा, शाळेत टिनिकलिंग केलंय का, बहुतेक जण हो म्हणतील. १९६२ला तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, विनोबांना आणि पुढं बाबा आमट्यांना मिळाला तोच. १९७३ला ती नृत्यातली पहिली राष्ट्रीय कलाकार झाली.

मग आली बायानिहान ही नाचणाऱ्यांची मंडळी, १९५७ साली, मनिलाच्या फिलिपिन विमेन्स युनिव्हर्सिटीत. शब्द फार गोड आहे हा. एखाद्या कुटुंबाला घर हलवायचं असलं की गावातली माणसं त्यांचं बांबूचं अख्खं घर खांद्यावर घेऊन दुसरीकडे नेऊन ठेवतात, ते म्हणजे बायानिहान. आपल्याकडे शेतात इर्जिक घालतात, त्याच जातीची गोष्ट. १९५८च्या ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात या मंडळींनी नाच केले आणि फिलिपिन्सचे नाच जगाला कळले.

मात्र स्टेजवर गेल्यावर नाच बदलतो, आणि ते कुठं दिसतं तर सिंगकिल नावाच्या नाचात.

मिंदानाओ बेटावर लानाओ नावाचं मोठं सरोवर आहे, त्याच्या काठी राहणारे ते मरानाओ, म्हणजे सरोवरवाले. मुसलमान समाज. त्यांचं दारांगेन नावाचं महाकाव्य आहे, ७२,००० ओळींचं, १७ भागांचं, गाऊन सांगायचं, युनेस्कोच्या यादीतही आहे. सिंगकिलची गोष्ट अशी, की राजकन्या गांदिंगान जंगलात असताना दिवाता भूकंप घडवतात, झाडं कोसळायला लागतात आणि ती पडणाऱ्या झाडांमधून डौलात चालत जाते. दिवाता म्हणजे कोण? आपल्या देवता! संस्कृतातला शब्द समुद्रापार जाऊन तिथं वनदेवता होऊन बसलाय. मरानाओंकडे महारादिया लावाना नावाची कथाही आहे, हा लावाना म्हणजे आपला रावण. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्रभर तेच वाचत बसलो होतो.

तर सिंगकिलमध्ये बांबू दोन नाहीत, चार, आडवे-उभे फुलीसारखे. राजकन्येच्या दोन्ही हातात पंखे, घोट्यात घुंगरासारखे वाळे, नावच त्या वाळ्यांवरून पडलंय. मागं छत्री धरून दासी, संगीताला कुलिंतांग, म्हणजे एका रांगेत मांडलेल्या छोट्या घंटा. मूळ मरानाओ पद्धतीत हा बायकांचा नाच, खानदानी घरातल्या मुली शिकायच्या, आणि चाल संथ. स्टेजवर त्यात तलवार घेतलेला राजपुत्र आला, वेग आला, टाळ्यांची जागा आली. दिसतं देखणं, मी नाही म्हणत नाही, पण मरानाओ लोकांनी हे आमचं नाही असं बोलून दाखवलंय आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. राजकन्या घाबरत नाही हे तिच्या संथपणातच तर दिसतं, ती पळायला लागली की गोष्टच बदलते. २०१७ला याच सरोवराकाठच्या मरावी शहरात पाच महिने लढाई चालली, गावाचा मधला भाग उद्ध्वस्त झाला, तेव्हा हा नाच कोणाचा हे नीट सांगणं आणखी गरजेचं आहे.

उत्तरेकडे लुबांग बेटावर पांदांगो सा इलाव नावाचा नाच करतात, एक दिवा डोक्यावर आणि दोन तळहातांच्या पालथ्या बाजूवर, तेही पेटलेले. पांगासिनानमध्ये हेच दिवे फडक्यात बांधून गोल फिरवतात, जाळ्यात भरपूर मासळी आल्याचा आनंद तो.

आणि ओबांदो. मनिलाच्या जवळचं गाव, बुलाकानमधलंच. दरवर्षी १७, १८ आणि १९ मे, तीन दिवस, मूल होत नाही अशी जोडपी मिरवणुकीत नाचतात. चक्क नवस! तिघा संतांसमोर बोललेला नवस, आणि आदल्या वर्षी ज्यांचा फळला ते बाळाला कडेवर घेऊन नाचायला येतात. ख्रिस्ती धर्म यायच्या आधीची प्रथा आहे ही, चर्चनं आपल्यात सामावून घेतली, दुसऱ्या महायुद्धानंतर बंदही केली होती, १९७२ला परत सुरू झाली. उन्हात, रस्त्यावर, साध्या कपड्यात नाचणाऱ्या बाईचा चेहरा बघा, तिथं प्रेक्षक कोण आहे याची तिला पर्वा नसते.

शेवटचा पांगालाय, अगदी दक्षिणेचा, सुलू बेटांवरच्या ताउसुग आणि समा लोकांचा. लिगाया फर्नांडो आमिलबांगसा मूळच्या मनिलाजवळच्या, लग्न करून सुलूला गेल्या, हा नाच तिथं शिकल्या आणि सगळं आयुष्य तो टिपण्यात घातलं, २०१५ला त्यांनाही मॅगसेसे मिळाला. आता पडद्यावर जे दिसतंय ते आम्ही स्लो मोशन केलेलं नाही, नाचच असा आहे. गुडघे किंचित वाकलेले, बोटांवर धातूची लांब वळलेली नखं, त्यांना जांगाय म्हणतात. पाय जमिनीवरून सुटतात की नाही ते कळत नाही. मनगट वळतं, मग बोटं एकेक करून मागं वळतात, करंगळी सगळ्यात शेवटी, आणि ती वळून पुरी व्हायच्या आत दुसऱ्या हाताचं मनगट निघालेलं असतं.