बूटचा मुका साक्षीदार

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘बूट होतानाच्या कर्नल ट्रेसिंगची मांडणी’; म्हणजे यंत्र सुरू होताना लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, काय काय घडतं त्याची नोंद कशी ठेवायची. तिथे मी येणार आहे, नक्की. पण त्याआधी प्रिंट-केबद्दलची, म्हणजे कर्नलच्या कोडमधून स्क्रीनवर ओळ छापणाऱ्या आज्ञेबद्दलची, माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या.

एक बोर्ड होता. वीसदा चालू केला की एकोणीसदा नीट उठायचा, विसाव्यांदा मधेच थिजायचा. डिस्क अजून माउंट झालेली नाही, मग लॉग लिहिणार कुठे? स्क्रीनवरची शेवटची ओळ, एवढाच पुरावा. आपण सगळे करतो तेच मी केलं. संशयित ड्रायव्हरमध्ये एक लांबलचक प्रिंट-के टाकला, ‘इथवर पोचलो’ वगैरे. बोर्ड उठला. शंभरदा चालू केला, शंभरदा उठला. ओळ काढली, पुन्हा थिजला. हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांच्या कोडमध्ये अशी एखादी ओळ आत्ता असेल! वरिष्ठ म्हणाले, “मग राहू दे की.” राहिली. शेजारी कॉमेंट, ‘काढू नये’. दोन वर्षं तिला कुणी हात लावला नाही; शेंदूर फासायचा तेवढा बाकी होता.

आता हिशोब करा. या ओळी ज्या तारेवरून बाहेर पडतात तो सिरियल कन्सोल १,१५,२०० बॉडचा, म्हणजे सेकंदाला तितके बिट. एका अक्षराला १० बिट, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. ८० अक्षरांची ओळ बाहेर पडायला ७ मिलिसेकंद, आणि तोवर प्रोसेसर तिथेच ताटकळत. आणि हा ड्रायव्हर जी चिप चालवतो तिच्या डेटाशीटमध्ये, माहितीपत्रकात, काय लिहिलं होतं? रीसेटनंतर ५ मिलिसेकंद थांबा. ड्रायव्हर थांबत नव्हता, माझी ओळ त्याला थांबवत होती. साक्षीला उभा केलेला माणूसच गुपचूप औषध देऊन जात होता!

म्हणून मला मुका साक्षीदार हवा. एफट्रेस, कर्नलमध्येच असलेलं ट्रेसिंगचं साधन, तसा आहे: प्रत्येक प्रोसेसरच्या रिंग बफरमध्ये, मेमरीतच नोंद टाकतो आणि गप्प बसतो. स्टीव्हन रोस्टेट यांचं हे काम २००८ साली कर्नलच्या २.६.२७ आवृत्तीत आलं. अर्थात तोही काही संत नव्हता. त्याच आवृत्तीच्या चाचण्या चालू असताना इंटेलच्या ई-१०००-ई ड्रायव्हरची नेटवर्क कार्डं मरायला लागली. सगळ्यांनी बिचाऱ्या ड्रायव्हरला धारेवर धरलं. निघालं काय, तर बूटपुरता लागणारा कोड मोकळा झाला होता, त्याच पत्त्यावर पुढे कार्डाची मेमरी मॅप झाली, आणि एफट्रेस, कोडमध्ये जिथे बदल करायचे त्या जागांच्या जुन्या यादीप्रमाणे, तिथे लिहायला गेला. कार्डातली कायमची मेमरीच बिघडली. यात आणखी एक गंमत... बरं, अध्यक्ष घड्याळ दाखवतायत.

तर मूळ विषय, धावत धावत. कर्नलच्या कमांड लाइनवर, म्हणजे त्याला सुरू होताना दिलेल्या सूचनांच्या ओळीत, ट्रेसर, इव्हेंट, बफरचा आकार हे सगळं देता येतं, पण एक्स-८६ प्रोसेसरवर ती ओळ २,०४८ बाइटांत बसवावी लागते. फिल्टर (कोणत्या नोंदी घ्यायच्या), प्रोब (कोडमध्ये कुठे डोकवायचं) असं लिहायला लागलात की जागा संपते. २०२० मध्ये, ५.६ पासून, मासामी हिरामात्सू यांनी बूटकॉन्फिग आणलं: साधी मजकूर फाइल, डॉट देत लिहिलेल्या किल्ल्या, जोडायची इनिटआरडीच्या, म्हणजे बूटच्या वेळी मेमरीत चढणाऱ्या तात्पुरत्या डिस्कच्या, शेपटाला. कमांड लाइनवर ‘बूटकॉन्फिग’ हा शब्द टाकायला विसरू नका. विसरलात तर सहसा कर्नल फाइलकडे ढुंकूनही बघत नाही आणि तक्रारही करत नाही. मात्र हे ट्रेसिंग थोडं उशिरा जागं होतं. अगदी पहिल्या हालचाली हव्या असतील तर कमांड लाइनच.

आता खरी मेख बफरची. तो गोल फिरतो, जुनं पुसून नवं लिहितो. बूट संथ का, हे शोधताय? मग सुरुवात हवी. ‘नो-ओव्हरराइट’ लावा, नाहीतर लॉगिन होईपर्यंत ती पुसली गेलेली असते. यंत्र थिजतंय? मग नेमकं उलट, शेवट हवा. पुसू द्या, बफर लहान ठेवा, प्रोसेसर एका जागी अडकला (सॉफ्ट लॉकअप) की कर्नलला हार मानून थांबायला (पॅनिक) सांगा आणि ‘एफट्रेस डम्प ऑन ऊप्स’ लावा, म्हणजे थांबताना बफर कन्सोलवर ओतला जातो. मला तशाच डम्पच्या शेपटीत त्या चिपचा रीसेट आणि तिच्याकडून वाचन सापडलं, मध्ये जेमतेम ४० मायक्रोसेकंद.

बफर लहानच का? कारण हा डम्प बाहेर पडतो त्याच सिरियल कन्सोलवरून, ओळीला ७ मिलिसेकंद या दराने. चार प्रोसेसरांचे भरलेले बफर असतील तर अर्धा तास बघत बसाल. मी बसलोय.