वय पंच्याहत्तर, शुगर जुनी, आणि डॉक्टर बायपास म्हणतायत

(दृश्य: हॉस्पिटलचा कॉरिडॉर. बाकावर आजोबा, शेजारी मुलगा, मांडीवर फाइल.)

अँजिओग्राफीचा, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या तपासणीचा, रिपोर्ट आला की घरोघरी तीच चर्चा सुरू होते, या वयात एवढं मोठं ऑपरेशन झेपेल का, त्यात वीस-पंचवीस वर्षांची शुगर, मग एक जावई म्हणतो स्टेंट टाकून मोकळे व्हा, आत्या म्हणते आता कशाला चिरफाड, गोळ्यांवर ठेवा. आणि ज्यांच्या छातीचा हा प्रश्न आहे ते आजोबा गप्प बसून ऐकत असतात.

24 जानेवारी 2009. दिल्लीच्या एम्समध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग ऑपरेशन टेबलवर होते. वय 76, डायबेटिस, आणि एक बायपास 1990 मध्येच झालेली, म्हणजे ही दुसरी. टीमचं नेतृत्व करायला मुंबईहून हृदयाचे सर्जन डॉ. रमाकांत पांडा गेले होते. दोन दिवसांनी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाला पंतप्रधान दिसले नाहीत, पण मे महिन्यात त्यांनी पुन्हा पंतप्रधानपदाची शपथ घेतली आणि पुढे 2024 च्या डिसेंबरपर्यंत, वयाच्या 92 व्या वर्षापर्यंत जगले. आता त्यांना मिळाली तशी देखभाल सगळ्यांना मिळत नाही हे मान्यच आहे, पण नुसतं वय बघून नाही म्हणायचं नसतं एवढं तरी यातून दिसतं.

(दृश्य: अँजिओग्राफीचा स्क्रीन. बारीक, वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या.)

शुगरच्या पेशंटच्या रक्तवाहिन्या एकाच जागी बंद होतात असं नाही, त्या लांबपर्यंत खराब होत जातात. स्टेंट म्हणजे ब्लॉकच्या जागी बसवलेली जाळीची नळी, रस्त्यातला एक खड्डा बुजवणं, पुढचा रस्ता उखडलेला असला तर त्याचा उपयोग किती? बायपासमध्ये रक्त त्या सगळ्या खराब भागाच्या पलीकडे नेऊन सोडतात. 2012 मध्ये फ्रीडम नावाची मोठी ट्रायल छापून आली, डायबेटिस असलेले 1900 पेशंट, एकापेक्षा जास्त रक्तवाहिन्यांत ब्लॉक. पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पॅरालिसिसचा स्ट्रोक यातलं काहीतरी झालं असे स्टेंटवाल्यांत 26.6 टक्के, बायपासवाल्यांत 18.7 टक्के. पण एकट्या स्ट्रोकचं बघितलं तर उलटं, बायपासमध्ये 5.2 आणि स्टेंटमध्ये 2.4. आणि त्यातल्या पेशंटचं सरासरी वय 63 होतं, म्हणून पंच्याहत्तरीच्या माणसाला ते आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

अजून एक, शुगरमुळे नसा बधिर झालेल्या असतात, त्यामुळे छातीत दुखतच नाही कधीकधी. आजी म्हणतात जिना चढताना दम लागतो, घाम फुटतो, घरचे म्हणतात वय झालं, ॲसिडिटी असेल, आणि रिपोर्ट येतो तेव्हा हृदयाच्या तीनही मुख्य रक्तवाहिन्यांत ब्लॉक.

मग धोका नक्की कुठे आहे? सर्जन युरोस्कोर नावाचं गणित मांडतात, त्यात वय आहेच, पण सोबत विचारतात की शुगरसाठी इन्सुलिन चालू आहे का, किडनी कशी आहे, हृदयाचं पंपिंग किती, माणूस नीट हिंडतो-फिरतो का. रोज बाजारातून भाजी आणणारे ऐंशीचे आजोबा आणि दोन वर्षं पलंगावरून न उठलेले सत्तरचे काका, यांचा धोका सारखा नसतो. कधी डॉक्टर ऑपरेशन नको म्हणतात, तेही विचार करूनच म्हणतात.

ऑपरेशनच्या आधी गोळ्यांची अख्खी पिशवी डॉक्टरांपुढे ओता. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या ऑपरेशनच्या निदान तीन दिवस आधी बंद करायला सांगतात, कारण शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात ॲसिड वाढू शकतं. पण ही गोळी हृदयासाठी आणि किडनीसाठीही देतात ना, त्यामुळे घरच्यांना ती शुगरची वाटतच नाही आणि सांगायची राहून जाते. स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नका.

(दृश्य: आयसीयू. सिरिंज पंप, ग्लुकोमीटर, नर्सचे हात.)

नर्स बोटाला टोचते, आकडा बघते, इन्सुलिनच्या पंपाचा वेग बदलते, थोड्या वेळाने परत टोचते. शुगर साधारण 180 च्या खाली ठेवायची असते, पण फार खालीही जाऊ द्यायची नाही. नातेवाईक घाबरतात, घरी तर नुसत्या गोळ्या होत्या, आता जन्मभर इन्सुलिन का? तसं नसतं, ऑपरेशनच्या ताणाने शुगर चढते, पुष्कळ जण नंतर गोळ्यांवर परत येतात.

रात्री आजोबा अचानक नळ्या ओढायला लागतात, मुलाला भावाच्या नावाने हाक मारतात, गाडी सुटेल म्हणतात. वय झालेल्यांत असा भ्रम होतो, बहुतेकदा काही दिवसांत उतरतो. चष्मा द्या, कानाचं मशीन द्या, वार आणि वेळ सांगत राहा, ओळखीचा आवाज ऐकला की फरक पडतो.

(दृश्य: घर. छातीला पट्टा, उशी छातीशी धरून खोकणाऱ्या आजी.)

घरी आल्यावर सगळे निर्धास्त होतात आणि माझ्या मते खरी काळजी इथेच घ्यायची असते. छातीचं हाड तारांनी बांधलेलं आहे, ते जुळायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून हातावर जोर देऊन उठायचं नाही. भेटायला येणारे ज्यूस आणि पेढे आणतात, ते प्रेमाने बाजूला ठेवा. जखम आतून चिघळली तर ते कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कळतं. पाणी येणं, ताप, खोकताना हाड कट्कट् वाजणं, बायपाससाठी पायातली शीर काढली असेल तिथला पिंडरीवरचा टाका लाल होणं, यातलं काहीही दिसलं तर मेडिकलवरून अँटिबायोटिक आणून वाट बघत बसू नका, ड्रेसिंग उघडून फोटो काढा, ऑपरेशन केलेल्या टीमला पाठवा आणि त्याच दिवशी पेशंटला घेऊन निघा.