पेरणीची तारीख आणि फुलाचा दांडा: इंदूरच्या हवामानात

नमस्कार मंडळी. गुच्छात जाणाऱ्या फुलांचा भाव बऱ्याच अंशी दांड्याच्या लांबीवर ठरतो. ही लांबी खतापाण्याइतकीच पेरणीच्या तारखेवर कशी अवलंबून असते, हे आज इंदूरच्या हवामानाच्या आधारे पाहू.

पुष्कळ जण पाकिटावरचे ‘९० दिवसांत फुले’ वाचतात, तुळशीच्या लग्नानंतरची लग्नसराई डोळ्यांसमोर ठेवून ९० दिवस मागे मोजतात आणि त्या दिवशी बी टाकतात. हा हिशेब अपुरा आहे, कारण कळी कधी धरायची हे बहुतेक रोपे रात्रीच्या लांबीवरून आणि तापमानावरून ठरवतात. अमेरिकेतील गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी १९२० साली तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांतून दिवसाच्या लांबीचा हा परिणाम मांडला. आपल्या इंदुरात जूनअखेरीस दिवस सुमारे साडेतेरा तासांचा, तर डिसेंबरात पावणेअकरा तासांचा असतो. युरोपाच्या मानाने हा फरक लहान वाटेल, पण रोपांना तो पुरतो.

शेवंतीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. रात्री मोठ्या होऊ लागल्या की ती कळी धरते, मग झाड गुडघ्याएवढे असो की वीतभर. जून-जुलैत लावलेल्या छाटकलमांना पाने आणि उंची कमावण्यास अवधी मिळतो. सप्टेंबरात लावलेली कलमे मात्र रुजतात न रुजतात तोच कळीवर येतात आणि दांडा आखूड राहतो. उशीर झालाच, तर मध्यरात्री काही तास दिवे लावून रात्र तोडता येते व कळी धरणे पुढे ढकलता येते. विजेचे बिल मात्र आधी मोजावे.

अ‍ॅस्टरचा आखूड दांडा वेगळ्या कारणाने येतो. त्याला उंच होण्यासाठी मोठे दिवस लागतात, त्यामुळे ऑक्टोबरात पेरलेली रोपे पानांचे चक्र करून जमिनीलगत बसून राहतात. मग पेरणी जुलैत का करू नये? जरूर करावी, परंतु माळव्याच्या काळ्या मातीत त्या वेळी पाणी साचते आणि कोवळी मुळे कुजतात. रोपे छपराखाली ट्रेमध्ये वाढवून उंच गादीवाफ्यावर लावणे हाच मला त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग वाटतो.

स्नॅपड्रॅगनमध्ये वाणाची निवडच निर्णायक ठरते. त्याच्या वाणांचे १ ते ४ असे गट असतात. पहिले दोन गट लहान दिवसांसाठी आणि थंडीसाठी, तर पुढचे दोन मोठ्या दिवसांसाठी व उन्हाळ्यासाठी आहेत. चौथ्या गटाचे बी हिवाळी फुलांसाठी पेरले, तर फुले फार उशिरा येतात. उलट पहिला गट उन्हाळ्यात घाईने, बारीक दांड्यावर फुलतो. दुकानदाराला रंग विचारण्याआधी गट विचारावा.

ग्लॅडिओलसवर दिवसाच्या लांबीपेक्षा उष्णतेची सत्ता अधिक चालते. नुकते काढलेले कंद सुप्तावस्थेत असतात, म्हणून ते सुमारे तीन महिने थंड जागी ठेवूनच लावावे लागतात. लागवडीनंतर थंडी वाढली की तोच वाण अधिक दिवस घेतो. त्यामुळे सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत दर पंधरवड्याने थोडे थोडे कंद लावावेत, आणि दोन लागवडींच्या फुलांमध्येही पंधराच दिवसांचे अंतर राहील असे गृहीत धरू नये. प्रत्येक खेपेची लागवड, पहिली कळी आणि दांड्याची लांबी वहीत टिपली, तर पुढच्या हंगामाचे वेळापत्रक आपल्याच वाफ्यांवरून आखता येते.