शिकून किती मिळतं?

नमस्कार श्रोतेहो.

शहरातल्या गरीब घरांतली मुलं आठवीनंतर शाळा का सोडतात? उत्तर आपल्याला पाठ आहे: पैसा नसतो. पोरगं कामाला लागलं की चार पैसे घरात येतात, हे मी तुम्हाला समजावून सांगायला नको. पण मला एक गोष्ट सांगायची आहे. संधी मिळेल तिथे मी ती सांगते, तेव्हा आधी ऐकली असेल तर सोसून घ्या.

2001 साली रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थतज्ज्ञांनी डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशात आठवीच्या मुलग्यांना गाठलं. त्यांचा प्रश्न साधा होता. माध्यमिक शाळा पुरी केलीस, तर कमाई किती वाढेल? मुलं म्हणाली, फारशी नाही. प्रत्यक्षात तिथे माध्यमिक पुरं केलेला पुरुष प्राथमिकवर थांबलेल्यापेक्षा 41 टक्के जास्त कमवत होता. एक्केचाळीस टक्के! मग मुलं एवढी चुकली कशी? जेन्सन यांचा अंदाज असा, की मूल आपल्या गल्लीत बघतं. शिकून ज्याचं बरं झालं, तो गल्ली सोडून जातो. मागे राहतो तो शिकूनही तिथेच असलेला. मग पोरांनी म्हणायचं काय? यानं शिकून काय दिवे लावले!

(‘मोठेपणी कोण होणार?’ हा पाहुण्यांचा प्रश्न मला म्हणूनच आवडत नाही. ज्या पोरानं डॉक्टर फक्त आजारपणात पाहिला, ते बिचारं दुसरं काय सांगणार? असो.)

मग जेन्सन यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निम्म्या शाळा निवडल्या आणि तिथल्या मुलांना कमाईचे खरे आकडे वाचून दाखवले. वह्या नाहीत, शिष्यवृत्ती नाही, नुसते आकडे. पुढच्या चार वर्षांत ही मुलं इतरांपेक्षा सरासरी अडीच ते चार महिने जास्त शिकली. नुसत्या आकड्यांवर!

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि सांगणारे नेमका हाच भाग गाळतात. सगळ्यात गरीब घरांतल्या मुलांना आकडे पटले, तरी त्यांचं शिक्षण जवळजवळ वाढलं नाही. पटलं, पण परवडलं नाही. पुन्हा सांगते: पटलं, पण परवडलं नाही.

परवडण्याचं काम सरकारी मदतीचं. मेक्सिकोनं 1997 पासून ती रोख, आईच्या हातात दिली. अट एकच नव्हती, पण मुख्य होती मुलांच्या शाळेतल्या 85 टक्के हजेरीची. माध्यमिकच्या मुलींना मुलग्यांपेक्षा थोडे जास्त पैसे. आणि पैसे आईच्या हातात, हे मला फार आवडतं, कारण आईकडचा पैसा कुठे जातो हे घराघराला माहीत आहे.

खेड्यांत सरकारनं घरोघरी फिरून कुटुंबं शोधली. पुढे योजना शहरांत आली, तेव्हा लोकांनीच केंद्रावर येऊन नाव नोंदवायचं ठरलं. कितीतरी पात्र कुटुंबं आलीच नाहीत. अनेकांना अशी योजना आहे, हेच माहीत नव्हतं. म्हणजे इथेही पुन्हा तीच गल्ली, आणि तिच्यापर्यंत न पोचलेली तीच बातमी.

वेळ संपली. नमस्कार.