बटण कुणीच दाबलं नाही, तरी रोबो थांबला

(दृश्य: सोलापूरची चिंचोळी एमआयडीसी, मे महिन्याची दुपार. शेडच्या आत पिवळी जाळी. रोबोचा हात सीएनसी लेथच्या दारात अर्धा शिरून थांबलेला.)

ग्रिपरमध्ये कास्टिंग तसंच धरलेलं आहे. टॉवर लॅम्प लाल. पॅनेलवरचं इमर्जन्सी बटण वर, म्हणजे न दाबलेलं; पेंडंटवरचं, म्हणजे रोबो चालवायच्या हातातल्या रिमोटवरचंही वर. ऑपरेटर जाळीचं दार उघडतो, आपटून लावतो, रिसेट दाबतो. रोबो चालू. वीस मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पलीकडून कुणीतरी ओरडतं, "दुसरं दार उघडून लाव की बे, चालू होतंय."

होतंय खरं. पण नेमकं त्यातच दुखणं लपतं. ते कसं, हे जरा पुढे येईल.

सेफ्टी स्टॉपच्या तक्रारीत रोबो स्वतः बिघडलेला फार कमी वेळा सापडतो. बिघाड असतो बाहेर: दारात, बटणात, वायरीत. ही साखळी मुद्दाम दुहेरी ठेवलेली असते. प्रत्येक दाराच्या स्विचमध्ये आणि प्रत्येक इमर्जन्सी बटणात नेहमी बंद राहणारे दोन संपर्क, प्रत्येकाचा 24 व्होल्टचा वेगळा रस्ता, म्हणजे चॅनेल. एक चॅनेल चिकटला तरी दुसरा रोबोला थांबवतो. दोन्ही जवळपास एकाच क्षणी उघडले, तर कंट्रोलर म्हणतो, दार उघडलं. एकच उघडला, तर तो म्हणतो, इथं काहीतरी गडबड आहे.

फानुक कंपनीच्या रोबोच्या पेंडंटवर हा फरक सरळ वाचता येतो. एसआरव्हीओ-001 म्हणजे पॅनेलची इमर्जन्सी, 002 पेंडंटची, 003 डेडमन स्विच (पेंडंट धरताना दाबून ठेवायचा) सुटला, 004 जाळीचं दार, 007 बाहेरून जोडलेली इमर्जन्सी. आणि 230 किंवा 231 आला, तर दोनपैकी एकच चॅनेल उघडला. हा अलार्म दार आपटून जात नाही, पॉवर बंद-चालू करूनही जात नाही. त्याला वेगळा चेन रिसेट द्यावा लागतो, आणि तो कारण सापडल्यावरच द्यायचा असतो. एक चॅनेल मेलेला असताना रोबो चालवला, तर माणसाचा जीव उरलेल्या एकाच वायरीवर टांगलेला असतो.

(दृश्य: पेंडंटवर अलार्म हिस्टरी. बोट एकेक ओळ खाली सरकतं.)

म्हणून रिसेटला हात लावण्याआधी अलार्म हिस्टरी वाचायची, वेळेसकट लिहून घ्यायची. सगळ्यात वरचा अलार्म सगळ्यात शेवटी आलेला असतो, आपल्याला हवा असतो तो सगळ्यात आधी आलेला. त्या वेळी काय चाललं होतं तेही लिहायचं: रोबो वेगात वळत होता? शेजारून फोर्कलिफ्ट गेली? कॉम्प्रेसर लोड झाला?

आता रचना बघायची. दारांचे स्विच थेट रोबोला जोडलेले असतील, तर एका चॅनेलची भानगड 230 म्हणून दिसते. मध्ये सेफ्टी रिले, म्हणजे दोन्ही चॅनेल तपासून रोबोला परवानगी देणारा डबा असेल, तर रिले आपले दोन्ही संपर्क एकदम सोडतो आणि रोबोला फक्त साधा 004 दिसतो. खरी गोष्ट तेव्हा पॅनेलमध्ये, रिलेच्या चॅनेल 1 आणि चॅनेल 2 या दोन दिव्यांत असते. दार बंद असून एक दिवा पेटलेला आणि एक विझलेला दिसला, की निम्मं काम झालं. मोबाइलनं फोटो काढा, मग पुढे.

पुढे म्हणजे आधी कुलूप. मेन आयसोलेटर (मुख्य स्विच) बंद, त्यावर आपलं कुलूप आणि टॅग, चावी आपल्याच खिशात. कॅबिनेटवर लिहिलेला वेळ थांबायचं, कारण सर्व्हो ॲम्प्लिफायरचे कपॅसिटर पॉवर गेल्यावरही भरलेले असतात.

(दृश्य: दाराच्या स्विचचा अगदी जवळून शॉट. पत्र्याची जीभ तिरकी होऊन खाचेत घासते आहे. कडेला चमकणारा ओरखडा.)

हा ओरखडा नीट बघा. दार बिजागरीवर तीन-चार मिलिमीटर खाली बसलंय. जीभ खाचेत सरळ जात नाही, एका बाजूला रेलून जाते. आतले दोन संपर्क एकाच दांड्यावर असले, तरी अगदी एकाच अंतरावर उघडत नाहीत. जीभ अर्धवट बसली, की एक संपर्क पक्का लागतो आणि दुसरा काठावर राहतो. मग लेथचा हादरा पुरतो. अशा वेळी नवा स्विच बसवला तर आठवडाभर बरं वाटतं, कारण नवी जीभ सरळ असते. दुखणं बिजागरीत आहे. दार उचला, बिजागरी बदला, दाराला बसायला ठोकर द्या. दाराचं वजन जिभेवर येता कामा नये.

इमर्जन्सी बटणाचं लक्षण वेगळं. मागचा काळा संपर्क-ठोकळा बेसवरून निसटलेला असेल, तर चालताना काहीच होत नाही. बटण दाबल्यावर एक चॅनेल उघडतो, दुसरा लागलेलाच राहतो. म्हणजे 230 किंवा 231 कुणी बटण दाबल्याच क्षणी आला, तर आधी त्या बटणाच्या मागे बघा. अर्धवट दाबलेलं किंवा अर्धवट सुटलेलं बटणही हाच अलार्म देतं. पेंडंटच्या डेडमन स्विचचंही तसंच. तो तीन टप्प्यांचा असतो, मधल्या टप्प्यावरच चालू. सैल पकड ठेवली की तो सीमेवर तरंगतो. पूर्ण सोडा, पुन्हा पक्का धरा, मग बघा.

वायरी तपासताना मीटरवर आंधळा विश्वास नको. पॉवर बंद, वायरीची दोन्ही टोकं मोकळी करून ओहम मोजा. चांगली वायर एक ओहमच्या आत दाखवते, त्यातले 0.2-0.3 तर मीटरच्या लीडचेच असतात. पण स्थिर चार-पाच ओहम आले म्हणून वायर बदलायला धावू नका. इनपुटमधून वाहणारा प्रवाह काही मिलिअँपिअरचा, एवढ्या रोधानं व्होल्टेज फारसं पडत नाही. चोर असतो तो उड्या मारणारा आकडा. मीटर लावलेलाच ठेवून केबल वाकवा: ड्रॅग चेनच्या (केबल वाहणाऱ्या साखळीच्या) वळणावर, ग्लँडपाशी (केबल डब्यात शिरते तिथं), पेंडंटच्या केबलवर, जी पायाखाली येऊन येऊन चपटी झालेली असते. लग (वायरीच्या टोकाची टोपी) ओढून बघा. स्क्रू तांब्याऐवजी इन्सुलेशनवर आवळलेला सापडणं काही दुर्मीळ नाही.

पॉवर असताना व्होल्टेज मोजलं आणि 24 च्या जागी किंचित कमी दिसलं, तरी दचकू नका. सेफ्टी आउटपुट मधूनमधून क्षणभर स्वतःला बंद करून तपासत असतो, मीटर त्याची सरासरी दाखवतो. सगळ्याच टर्मिनलवर 20-21 दिसत असेल, तर मात्र पॉवर सप्लाय बघा. बाहेर 42-43 अंश, पॅनेलच्या पंख्याचा फिल्टर तंतू-धुळीनं बुजलेला, आत सप्लाय भाजून निघतो.

(दृश्य: लाइट कर्टनच्या, म्हणजे किरणांच्या सुरक्षा-पडद्याच्या, काचेवर कूलंटचा तेलकट थर. एक हात टॉवेलचा तुकडा घेऊन येतो, थांबतो.)

सोलापुरात टॉवेलचा तुकडा प्रत्येक मशीनशेजारी लटकलेला असतो. लाइट कर्टनच्या काचेला तो लावू नका. टेरीचे तंतू तेलकट काचेवर चिकटून बसतात आणि किरण आणखी अडतात. तंतू न सुटणारं मऊ कापड, सौम्य साबणपाणी, बस्स. थिनर तर मुळीच नको.

आता ते दुसरं दार. दोन-तीन दारांचे साधे स्विच एकामागे एक जोडून एकाच रिलेला दिलेले असतात, वायर वाचते म्हणून. समजा पहिल्या दाराचा एक संपर्क शॉर्ट झाला. ते दार उघडलं तर एकच चॅनेल सुटतो, रिलेला चोरी कळते, तो अडून बसतो. मग कुणीतरी दुसरं दार उघडतो. तिथले दोन्ही संपर्क निरोगी, दोन्ही चॅनेल सुटतात, दोन्ही लागतात. रिलेला वाटतं सगळं ठीक, तो सुटतो. पहिल्या दारातला शॉर्ट तिथंच. पुढे त्या दाराचा दुसरा संपर्कही गेला, तर दार सताड उघडं आणि आत रोबो पूर्ण वेगात. "दुसरं दार उघडून लाव" या युक्तीचा अर्थ एवढा आहे. प्रत्येक दाराला स्वतंत्र इनपुट द्या, नाहीतर स्वतःचं निदान करणारे कोडेड स्विच लावा.

आणि जंपर, म्हणजे संपर्काला वळसा घालणारी छोटी वायर. "शिफ्टपुरता" मारलेला जंपर पॅनेलमध्ये वर्षभर राहतो, त्यावर धूळही बसते. पॅनेल उघडलंच आहे, तर टर्मिनल ड्रॉइंगशी ताडून बघा. ड्रॉइंगमध्ये नसलेली एकही छोटी वायर आत राहू देऊ नका.

(दृश्य: टॉवर लॅम्प हिरवा. जाळीच्या आत कुणी नाही. मेंटेनन्सचा माणूस हातात वही घेऊन पहिल्या दारापाशी.)

दुरुस्ती झाली, चेन रिसेट दिला, तरी सेल (जाळीतली ही सगळी मांडणी) लगेच सोडायचा नाही. रोबो हळू वेगात. पहिलं दार उघडा: थांबला? दोन्ही दिवे विझले? बंद करा, रिसेट. दुसरं दार, तसंच. मग प्रत्येक इमर्जन्सी, एकेक करून, पेंडंटची धरून. प्रत्येकापुढे वहीत तारीख, चॅनेल 1, चॅनेल 2. या सेलमध्ये तीन दारं आणि चार बटणं आहेत, म्हणजे सात ओळी. सहाच भरल्या असतील, तर पुन्हा जाळीपाशी.