फुटलेल्या काचेचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या नाताळच्या आधीची गोष्ट आहे. आमच्या चर्चच्या फाटकाला लागून एक सूचनाफलक आहे. लाकडी चौकट, आत हिरवं कापड आणि पुढे सरकती काच. उपासनेची वेळ, कुणाच्या लग्नाची सूचना, कुणाच्या निधनाची बातमी, हे सगळं त्यावर लागतं. एका सकाळी झाडायला येणाऱ्या मावशींना त्या काचेचा चुरा फाटकाशी पडलेला दिसला. फाटकावर टांगलेली चांदणी खाली ओढलेली, तिच्या बांबूच्या कामट्या मोडलेल्या. सहा कुंड्या उलट्या. चोरीला काहीच गेलं नव्हतं.

मंडळी जमली. कुणी म्हणालं, आत्ताच्या आत्ता पोलिसांत जा. कुणी म्हणालं, पोरंटोरं असतील, सोडून द्या. मी चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीत आहे, तेव्हा रविवारी उठून मीच जाहीर केलं, ‘ज्यांनी कुणी हे केलं त्यांना आपण ख्रिस्ताच्या नावाने क्षमा केली आहे.’ सगळ्यांनी आमेन म्हटलं. मलाही बरं वाटलं.

पण पुढचे कित्येक आठवडे पारावर बसलेला पोरांचा घोळका दिसला की माझी नजर त्यांच्या हातांकडे जायची. हा असेल का? की तो? चार मुलं मोठ्याने हसली तरी मला वाटायचं, आपल्यालाच हसली. ज्याला क्षमा केली असं मी भर सभेत सांगितलं होतं, त्याचा चेहराच मला माहीत नव्हता. म्हणून मी गावातल्या प्रत्येक मुलाला तो चेहरा लावत होतो. ही कसली क्षमा? मी फक्त काचा गोळा करून टाकल्या होत्या.

आज मला कॅनडातल्या एका गावाबद्दल सांगायचं आहे. ओंटारिओ प्रांतात किचनर शहराजवळ एल्मायरा नावाचं छोटं गाव आहे. आसपास मेनोनाइट ख्रिस्ती लोकांची मोठी वस्ती. हा पंथ सोळाव्या शतकातला, मेनो सिमन्स यांच्या नावावरून ओळखला जाणारा आणि शस्त्र हाती न धरण्याबद्दल प्रसिद्ध. आपल्याकडे छत्तीसगडमधल्या धमतरीला १८९९ पासून याच पंथाचं मिशन काम करत आलं आहे.

१९७४ च्या मे महिन्यातल्या एका रात्री एल्मायरातले दोन तरुण दारू पिऊन बाहेर पडले. वाटेत दिसेल ते मोडत गेले. गाड्यांचे टायर फाडले, खिडक्या फोडल्या, कुणाची होडी रस्त्यावर ओढून आणून तिला भोकं पाडली, कुणाच्या बागेतलं टेबल माशांच्या तळ्यात फेकलं. चर्चचा क्रूससुद्धा सुटला नाही. सकाळी मोजलं तर बावीस जणांचं नुकसान झालेलं. गाव हादरलं. नुकसान साऱ्यांचं मिळून सुमारे २,२०० डॉलरचं, पण रात्री कोण येऊन गेलं, आपल्याच घरावर का आलं, या प्रश्नाने माणसं जास्त घाबरली होती.

दोघं पकडले गेले, त्यांनी गुन्हा कबूल केला. शिक्षेआधी अहवाल द्यायचं काम एका प्रोबेशन अधिकाऱ्याकडे, म्हणजे तुरुंगाबाहेर ठेवलेल्या गुन्हेगारांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, आलं. तो स्वतः मेनोनाइट होता. त्याने आपल्या एका मित्राशी बोलून न्यायाधीशांपुढे एक साधी सूचना ठेवली. या दोघांनी त्या बावीस जणांना समोरासमोर भेटावं. न्यायाधीशांना आधी वाटलं, कायद्यात असं काही बसत नाही. पण मग त्यांनी तोच आदेश दिला.

आणि ते निघाले. दोघं तरुण पुढे, अधिकारी आणि त्याचा मित्र वही घेऊन मागे उभे. दार वाजवायचं, दार उघडलं की सांगायचं, ‘त्या रात्री तुमच्याकडे आलो होतो ते आम्ही.’ मग ऐकून घ्यायचं. काहींनी लगेच माफ केलं. काहींना त्यांना चांगलं बदडून काढावंसं वाटलं. बावीसातलं एकजण गाव सोडून गेलं होतं, बाकी एकवीस दारं त्यांनी वाजवली. सुमारे निम्मी रक्कम विम्यातून आली होती. उरलेली त्या दोघा तरुणांनी भरायची होती, प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ५५० डॉलर आले, शिवाय प्रत्येकी २०० डॉलर दंड. काही महिन्यांत ते पुन्हा त्याच दारांवर पैसे घेऊन गेले. यातूनच किचनरमध्ये गुन्हा करणारा आणि ज्याचं नुकसान झालं तो, यांची गाठ घालून देणारा कार्यक्रम सुरू झाला, आणि तिथून ही पद्धत अनेक देशांत पोचली.

त्या दोघांपैकी एकाचे आईवडील तो लहान असतानाच गेले होते. पुष्कळ वर्षांनी प्रौढपणी तो पुन्हा शिकायला लागला. एके दिवशी वर्गात बाहेरून आलेल्या वक्त्याने ‘एल्मायराची केस’ सांगितली, आणि ही तर माझीच गोष्ट आहे हे त्याच्या ध्यानात आलं. पुढे तो त्याच कामात स्वयंसेवक म्हणून उभा राहिला.

श्रोतेहो, मी ही हकीकत वाचली तेव्हा मला बायबलमधलं, प्रेषित पौलाचं फिलेमोनाला लिहिलेलं छोटं पत्र आठवलं. अनेसिम हा दास आपल्या धन्यापासून, म्हणजे याच फिलेमोनापासून, दूर गेला होता. पौल त्याला परत पाठवतो, आणि धन्याला लिहितो की याने तुझं काही नुकसान केलं असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन. नुकसान झालंच नाही असं तो म्हणत नाही, हिशेब फाडून टाक असंही सांगत नाही. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायातही तसंच आहे. काटेरी कुंपणाला लागलेली आग शेजाऱ्याच्या पिकात गेली तर आग लावणाऱ्याने भरून द्यावं. आणि येशूला पाहायला उंबरावर चढलेला जकातदार जक्कय खाली उतरला आणि चौपट परत देण्याची भाषा बोलला. हे त्याच्याकडून कुणी वसूल केलं नव्हतं, येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून आला होता!

‘दुसरा गाल पुढे कर’ या वचनाचा आपण फार सोपा अर्थ लावतो. वचनात उजवा गाल म्हटला आहे. समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं तर बहुधा उलट्या हाताची बसते, आणि उलट्या हाताची चपराक इजेपेक्षा अपमानासाठी असते, असं पुष्कळ अभ्यासक सांगतात. फुटलेली काच तशीच आहे. काच स्वस्त असते, लागतो तो अपमान. आणि गाल पुढे करायचा तर मारणाऱ्यासमोर उभं राहावं लागतं. घरात बसून तो करता येत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. रात्रीची पोरकट मोडतोड वेगळी, आणि ठरवून, धमकावण्यासाठी, पुन्हा पुन्हा केलेली मोडतोड वेगळी. तिथे तक्रार नोंदवणं हा विश्वासाचा अभाव नाही. फिलिप्पै शहरात पौल आणि सीला यांना चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांना गुपचूप सोडायचं ठरलं तेव्हा पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. त्याने हक्क मागितला आणि तोही समोरासमोर मागितला.

आमच्या काचेचं काय झालं, तेही सांगतो. फेब्रुवारीत एका मुलाचं नाव कानावर आलं. सोळा वर्षांचा, शनिवार-रविवार गॅरेजवर काम करणारा. आम्ही तिघं त्याच्या घरी गेलो. जाताना माझे पाय जड झाले होते, हे मान्य करतो. त्याच्या आजीने पाणी आणलं. आम्ही काय झालं ते सांगितलं आणि त्याला विचारलं. तो बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला, मग म्हणाला, ‘चांदणी माझ्या हातून नाही तुटली. काच माझीच.’ वडील संतापून उठले, पाकीट काढलं, सगळे पैसे आत्ताच घ्या म्हणाले. आम्ही हात जोडले. म्हटलं, दादा, त्याचं त्याला देऊ द्या, आणि आम्ही गेल्यावर त्याला मारू नका.

काचेचे ४८० रुपये झाले. काच बसवणाऱ्या मिस्त्रीसोबत चौकट धरून तोच उभा होता. आता दर रविवारी उपासना सुटल्यावर तो फाटकाशी येतो, पन्नास रुपये देतो, मी वहीत लिहितो आणि तो सही करतो. तो आत येत नाही, मीही बोलावत नाही. तो आमच्या धर्माचा नाही, आणि काचेच्या बदल्यात त्याचा विश्वास मागायचा नाही, हे आमच्या पंच कमिटीत पहिल्याच दिवशी ठरलं आहे. पारावर दिसला तर तो मान हलवतो, मी हात वर करतो.

अजून ऐंशी रुपये राहिले आहेत.