हनुवटीचं काय करायचं? ओपन फेस विरुद्ध फुल फेस हेल्मेट

[टेबलावर दोन हेल्मेटं. कॅमेऱ्याकडे बघून.]

नमस्कार मंडळी. हे डावीकडचं ओपन फेस हेल्मेट. माथा, कान, डोक्याची मागची बाजू सगळं झाकतं, तोंड मात्र उघडं. आणि हे उजवीकडचं फुल फेस, हनुवटीसमोर पट्टी असलेलं. प्रश्न नेहमीचाच, दोघांतलं कुठलं घ्यायचं?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका होईल. फुल फेस घ्या. आता ज्यांना कारण हवंय, किंवा मला खोडून काढायचंय, त्यांनी थांबा. कारण ओपन फेस वापरणाऱ्यांचे काही मुद्दे अगदी बरोबर असतात आणि फुल फेसवाले कधीकधी उगाच फुगवून सांगतात.

एक खुलासा. कानाच्या वरच संपणारं, टोपीसारखं ते अर्धं हेल्मेट असतं ना, त्याबद्दल आज बोलत नाहीये. त्याला ओपन फेस म्हणू नका. ओपन फेस निदान कानशिलं आणि डोक्याचा मागचा भाग तरी सांभाळतं.

[दोन्ही हेल्मेटं उलटी करून आतली बाजू दाखवत.]

आत बघा. बाहेर कडक कवच, मध्ये थर्माकोल, आणि डोक्याला लागते ती कापडी गादी. तुम्हाला मऊ वाटते ती गादी फक्त आरामासाठी. खरं काम थर्माकोलचं. डोकं आपटलं की कवच तो मार पसरवतं आणि थर्माकोल चिरडत जातो. तो चिरडायला जे काही मिलिसेकंद लागतात, तेवढाच वेळ मेंदूला थांबायला मिळतो. एकदा दबलेला थर्माकोल पुन्हा फुलत नाही. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसू दे, ते बाद.

आता गंमत अशी की माथ्यापुरतं बोलायचं तर दोन्हींची परीक्षा एकच आहे. युरोपात चालणारं ईसीई २२.०६ मानक घ्या. कपाळ, माथा, बाजू, मागचा भाग, इथे ओपन आणि फुल दोन्ही हेल्मेटं सारख्याच वेगाने आपटून बघतात. त्यामुळे 'ओपन फेस म्हणजे नुसता देखावा' हे बोलणं चूक आहे. हेल्मेट घालण्याचाच मुळात केवढा फरक पडतो बघा. २००८ साली कॉक्रेन या संस्थेने जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला होता. त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं.

मग फरक कुठे पडतो?

[बोट हनुवटीवर.]

इथे. जर्मनीत हॅनोवरच्या डिटमार ओटे यांनी खऱ्या अपघातांत हेल्मेटवर मार कुठे कुठे बसला याचा नकाशा काढला होता. हेल्मेटचं चित्र आणि त्यावर टक्केवारी, असा तो नकाशा बाईकवाल्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय, तुम्हीही कदाचित पाहिला असेल. त्यात हनुवटीच्या दोन्ही बाजूंचे आकडे मिळवले तर साधारण ३५ टक्के होतात. माथ्यावर अगदी वर? फारच थोडे. आपल्या मनातलं चित्र नेमकं उलटं असतं. हेल्मेट म्हटलं की आपल्याला वरून काहीतरी पडतंय असं वाटतं. रस्त्यावर माणूस पुढे फेकला जातो आणि तोंड पुढे असतं.

थांबा, हा आकडा जपून वापरायचा. इतर अभ्यासांत हनुवटीचा वाटा यापेक्षा कमी आलाय. शिवाय ३५ टक्के वेळा मार तिथे बसला याचा अर्थ ३५ टक्के लोक त्यानेच गेले असा होत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तो असाच फिरवतात, म्हणून सांगितलं. पण आकडा अर्धा धरला तरी ओपन फेसमध्ये त्या जागी काय आहे? काहीच नाही. कातडी आणि हाड.

आणि ते हाड साधं नाही. खालचा जबडा कानाच्या अगदी पुढे दोन सांध्यांवर लटकलेला असतो. बोटं कानापुढे ठेवा आणि तोंड उघडा, हलताना लागेल. त्या सांध्याच्या लगेच वर कवटीचा तळ. हनुवटीवर खालून बसलेला मार जबड्यातून वर सरकतो, आणि म्हणून हनुवटीवर पडलेल्या माणसाचं हाड कित्येकदा हनुवटीला शाबूत राहतं आणि कानाजवळ मोडतं. दात, नाक, डोळ्याखालचं हाड हे वेगळंच.

इथे एक वाक्य हमखास ऐकू येतं. 'मी काय रेस लावतोय का? मी तीस-चाळीसच्या वर जातच नाही.'

चला, हिशेब करू. शाळेतलाच आहे.

[पाटीवर लिहीत.]

बाईकवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. दीड मीटरवरून काहीही सोडलं तर ते जमिनीला किती वेगाने लागतं? सेकंदाला साडेपाच मीटरच्या जवळपास. म्हणजे ताशी जवळजवळ वीस किलोमीटर. आणि यात तुमच्या गाडीचा वेग कुठेच आलेला नाही! गाडी उभी असताना आडवी झाली आणि हात टेकायला मिळाला नाही, तरी एवढा वेग येऊ शकतो. ताशी ४० ने जाताना घसरलात तर आडवा वेग रस्त्यावर घासण्यात जातो, पण खाली आपटण्याचा वेग तोच, वीसच्या आसपास.

आता हे ऐका. ईसीईच्या आधीच्या २२.०५ मानकात हनुवटीची पट्टी ज्या वेगाने आपटायचे तो सेकंदाला ५.५ मीटर होता. आपण पाटीवर काढला तोच. लोक मानकांना हसतात, 'वीसच्या वेगाने आपटून काय कळणार' म्हणून. पण भर वेगातल्या घसरणीतही डोकं जमिनीला टेकतं ते बहुतेकदा याच वेगाने. समोर खांब किंवा ट्रक असेल तर हिशेब बदलतो, आणि तिथे कुठलंच हेल्मेट हमी देत नाही.

अमेरिकेचे अपघात-संशोधक हॅरी हर्ट यांचं नाव जुन्या रायडरना माहीत असेल. त्यांच्या तुकडीने लॉस एंजेलिसच्या परिसरात ९०० बाईक अपघात जागेवर जाऊन तपासले आणि १९८१ मध्ये अहवाल आला. फुल फेसमुळे चेहऱ्याच्या दुखापती बऱ्याच कमी होतात हे त्यात स्पष्ट आहे. मेंदूच्या दुखापतीत मात्र फुल आणि ओपन यांच्यातला फरक एवढा सरळ दिसत नाही, अभ्यासाअभ्यासात तो बदलतो. तेव्हा फुल फेसची बाजू मांडताना चेहरा आणि जबडा म्हणा. तेवढं पुरेसं आहे. ज्याने तारेने बांधलेला जबडा घेऊन काही आठवडे नळीने पातळ प्यायलंय, त्याला विचारा.

आता तक्रारींकडे वळू.

'फुल फेसमध्ये बाजूचं दिसत नाही.' हे मी मानत नाही. अमेरिकेच्या डॉट मानकात नाकाच्या सरळ रेषेपासून दोन्ही बाजूंना १०५ अंश मोकळे हवेत, एकूण २१०. माणसाची आडवी नजरच जेमतेम तेवढी. डोक्यात घालून समोर बघा, आणि कोणाला तरी कानाच्या रेषेत हात हलवायला सांगा. दिसतो. खरी अडचण खाली बघताना येते. मीटर, टाकी, पायाजवळचा खड्डा यांसाठी मान थोडी झुकवावी लागते. त्याची सवय होते.

'ऐकू येत नाही.' हर्ट यांच्या अहवालात याचाही निकाल आहे, हेल्मेटमुळे महत्त्वाचे आवाज ऐकायचे राहतात असं आढळलं नाही. उलट वाऱ्याचाच आवाज एवढा असतो की हॉर्न त्यात बुडतो. ताशी शंभरच्या पुढे हेल्मेटच्या आत शंभर डेसिबलच्या आसपास आवाज पोचतो, आणि कामगारांच्या आरोग्याचे अमेरिकी निकष सांगतात की शंभर डेसिबल दिवसात पंधरा मिनिटांहून जास्त ऐकू नये. ओपन फेसमध्ये वारा काचेच्या खालून घुसून कानाशी घुमतो, म्हणून ते बहुधा जास्त गोंगाट करतं. लांब जाणाऱ्यांनी इअरप्लग घालावेत, हेल्मेट कुठलंही असो.

'उकडतं.' खरंय. इथे मी वाद घालणार नाही. हवेची छिद्रं गाडी चालू असतानाच कामाची. सिग्नलला उभे राहिलात की फुल फेस म्हणजे भट्टी. काच एक खाच वर करून ठेवा, थोडा फरक पडतो. थोडाच.

धुकं हा त्याचाच भाऊ. श्वासातली वाफ थंड काचेवर बसते. त्यासाठी काचेच्या आत बसवायची दुसरी पातळ काच मिळते, पिनलॉक म्हणतात तिला. दोन काचांमध्ये कोरडी हवा अडकून राहते, आतली काच गार पडत नाही, वाफ धरत नाही. चष्मेवाल्यांना मात्र चष्म्यावरचं धुकं वेगळं सोसावं लागतं. हेल्मेट घातल्यावर चष्मा सरकवायचा, सरळ दांड्यांचा असेल तर सहज जातो.

'अपघात झाल्यावर फुल फेस निघत नाही.' निघतं, पण एकट्याने ओढून काढायचंच नसतं. जखमी माणूस श्वास घेत असेल तर काच वर करा आणि हेल्मेटला हात लावू नका. श्वासच बंद असेल तर दोघांनी मिळून काढायचं, एकाने मान धरून ठेवायची, दुसऱ्याने हेल्मेट सरकवायचं. ओपन फेसमध्ये तोंडापर्यंत पोचणं सोपं असतं, हे कबूल. पण फक्त त्यासाठी तोंड रस्त्याला देणं मला पटत नाही.

वजनाचं थोडक्यात. ओपन फेस साधारण हजार ते तेराशे ग्रॅम, फुल फेस तेराशे ते सतराशे. दिवसभर चालवलं तर मानेला हा फरक जाणवतो.

मग ओपन फेस कोणी वापरावं? ट्रायल्सचे खेळाडू वापरतात. दगडांवरून गाडी चढवायची, वेग जवळपास शून्य, पण चाकाखालचं दिसायला हवं आणि घाम फुटलेला असतो. ज्यांचा फुल फेसमध्ये जीव घाबरा होतो तेही आहेत. हे नाटक नसतं, काहींना खरंच श्वास कोंडल्यासारखं होतं. अशा माणसाने पट्टा लावून घातलेलं ओपन फेस हे आरशाला टांगलेल्या फुल फेसपेक्षा शंभर पटींनी बरं. फक्त डोळ्यांसाठी लांब काच किंवा गॉगल घ्या. ताशी ६० म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा मीटर, त्या वेगाने आलेला किडा डोळ्यात गेला की गाडी सरळ ठेवणं अवघड.

मधला मार्ग म्हणजे मॉड्युलर, हनुवटी वर उचलता येणारं.

[कटकन उघडून बंद करत.]

सोयीचं आहे, जड आहे. पण सगळ्यांत जास्त गैरसमजही याच्याबद्दल. पट्टी वर करून चालवायची परवानगी प्रत्येक मॉड्युलरला नसते. आणि काही हेल्मेटांची पुढची पट्टी निव्वळ वारा अडवायला असते. दिसायला फुल फेस, मार बसला की ओपन फेस! बाजारातली ही सगळ्यांत वाईट जात, कारण माणूस सुरक्षित आहोत या भरवशावर असतो.

ते ओळखायचं कसं? दोन गोष्टी करा.

[हेल्मेट कॅमेऱ्याजवळ आणून, अंगठ्याने पट्टी आतून दाबत.]

पहिली ही. हनुवटीच्या पट्टीवर आतून अंगठा दाबा. मऊ गादीखाली कडक थर्माकोल लागायला हवा. अंगठा सरळ प्लास्टिकवर टेकला तर आत काही नाही, पोकळ आहे. डॉटच्या चाचण्यांमध्ये हनुवटीची पट्टी आपटून बघतच नाहीत, त्यामुळे नुसता डॉटचा शिक्का असेल तर हा अंगठा जास्तच जोरात दाबा. स्नेल या अमेरिकेतल्या खासगी मानकात आणि ईसीईमध्ये ती चाचणी आहे.

दुसरी, पट्ट्यावर शिवलेलं पांढरं लेबल. वर्तुळात इंग्रजी 'ई' आणि एक आकडा, तो मान्यता देणाऱ्या देशाचा. खाली लांबलचक क्रमांक, ०५ किंवा ०६ ने सुरू होणारा, ते मानकाची आवृत्ती सांगतात. त्या क्रमांकाला जोडून एक अक्षर असतं. 'पी' म्हणजे हनुवटीची पट्टी संरक्षण देते. 'जे' म्हणजे ओपन फेस. 'एनपी' म्हणजे पट्टी आहे, पण तिच्यावर विसंबू नका. मॉड्युलरवर 'पी' आणि 'जे' दोन्ही असतील तरच ते उघडं ठेवून चालवायलाही तपासलेलं आहे.

लेबल वाचून झालं की हेल्मेट घाला, पट्टा लावा, पट्टा आणि गळा यांच्यामध्ये दोन बोटंच जातील इतका आवळा. मग मागची खालची कड धरून हेल्मेट वर आणि पुढे ओढा. डोक्यावरून उलटून निघालं, तर मापाने लहान बघा. नवं फुल फेस गालांना चांगलं दाबायला हवं, इतकं की बोलताना गाल दाताखाली येतील. काही दिवसांत गादी बसते. कपाळावर एकाच ठिकाणी दुखत असेल तर मात्र आकारच तुमच्या डोक्याचा नाही, दुसरं मॉडेल मागा.